पाळी गेल्यानंतर : एका आम्लाचा इतिहास



आजच्या व्याख्यानाचा विषय बाहेरच्या फळ्यावर लिहावयाचा होता, तेव्हा चिटणिसांनी मोठ्या सौजन्याने मला विचारले, "'उतारवयातील स्त्रियांचे आरोग्य' एवढेच लिहिले तर चालेल का?" मी म्हटले, चालेल. त्यांची अडचण मला समजत होती. फळा रस्त्यावर आहे, आणि रस्त्यावरून सर्व वयांची माणसे जातात. पण हा किस्सा मी विनोदासाठी सांगत नाही. आज मला जो इतिहास सांगावयाचा आहे, त्याचा निम्मा भाग या फळ्यावरच्या शब्दांतच दडलेला आहे. विषय एक असावा आणि त्याला नाव दुसरेच द्यावे लागावे, ही गोष्ट आपल्याकडे आजची नाही.

आपल्या आज्या या अवस्थेला 'पाळी गेली' असे म्हणत. त्याहून जुना शब्द 'विटाळ गेला' असा आहे. या दुसऱ्या शब्दाकडे थोडे लक्ष द्या. ज्या घरांत चार दिवस बाहेर बसावे लागे, कोपऱ्यात वेगळे पान मांडले जाई, लोणच्याच्या बरणीला हात लावता येत नसे, त्या घरांतल्या बाईला विटाळ जाणे ही मुक्तता वाटे. आता तिला केव्हाही देवघरात जाता येई, सोवळ्यातला स्वयंपाक करता येई, महिन्याचा हिशेब न मांडता पंढरीची वाट धरता येई. घरातला तिचा शब्दही त्या सुमारास वजनदार होई. 'सुटले बाई एकदाची' हे उद्गार मी लहानपणी अनेक तोंडून ऐकले आहेत, आणि ते खोटे नव्हते. मात्र या सुटकेची एक किंमत होती. जी सुटली तिने पुन्हा त्या अवयवाबद्दल तक्रार कशी करावयाची? खाज, जळजळ, कोरडेपणा, लघवीला जाताना होणारी आग, पतीजवळ जाताना होणाऱ्या वेदना ही सारी लक्षणे त्या सुटकेनंतर यावयास लागत, आणि त्यांना नाव देण्याची सोय भाषेत उरलेली नसे. 'अंगावरून पांढरे जाते', 'धुपणी लागली आहे' एवढे दोन वाक्प्रचार होते, तेही तरुण बायकांचे. पन्नाशीच्या बाईने ते वापरले तर सूनबाई तोंडाला पदर लावीत.

जुन्या वैद्यकाला ही अवस्था ठाऊक नव्हती असे नाही. रजःस्राव बाराव्या वर्षाच्या सुमारास सुरू होतो आणि शरीर जरेने पिकले म्हणजे पन्नाशीच्या सुमारास थांबतो, असे सुश्रुताने स्पष्ट सांगितले आहे. चरकाच्या चिकित्सास्थानात तर वीस योनिव्यापदे, म्हणजे त्या अवयवाचे वीस विकार, वर्णिलेले आहेत आणि त्यांत कोरडेपणाचा एक विकार 'शुष्का' या नावाने येतो. त्यांवरचा मोठा उपाय औषधी तेलात भिजवलेला कापसाचा बोळा, म्हणजे पिचू. कोरड्या, दुखऱ्या त्वचेला स्निग्ध पदार्थाने आराम पडतो हे निरीक्षण चुकीचे नव्हे. आजचे डॉक्टरही स्निग्धतेचीच एक तऱ्हा प्रथम सुचवितात. परंतु वैद्याने रोगी पाहावयाचा, आणि कुलीन घरातल्या बाईला परपुरुष पाहणार नाही, या दोन गोष्टींचा मेळ कधी बसला नाही. ग्रंथात वीस विकार राहिले आणि माजघरात फक्त सुईण राहिली.

आपल्या शेजारच्या कल्याणात १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात १८८६ साली पदवी घेतली, तेव्हा प्रबंधासाठी त्यांनी आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा विषय निवडला होता. फिलाडेल्फियाच्या थंडीत बसून ही वीस-एकवीस वर्षांची मुलगी जुन्या ग्रंथांतले स्त्रीवैद्यक परीक्षकांपुढे मांडीत होती. पुढच्याच वर्षी ती गेली. मुंबईत त्याच वर्षी, म्हणजे १८८६ मध्ये, कामा रुग्णालय सुरू झाले. सोराबजी बंगाली व जॉर्ज किट्रेज यांनी स्त्री-डॉक्टरांसाठी निधी उभारण्याची खटपट केली, पेस्तनजी होरमसजी कामांनी इमारतीसाठी देणगी दिली, आणि इंग्लंडहून डॉ. एडिथ पीची यांना बोलावून आणले. स्त्रीला स्त्रीने तपासावे एवढ्या साध्या गोष्टीसाठी एक स्वतंत्र रुग्णालय बांधावे लागले. त्या काळी अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही साष्टीतली खेडी होती. आगगाडी होती, पण आगगाडीत बसून 'तसल्या' दुखण्यासाठी बोरीबंदरापर्यंत जाणारी बाई विरळा.

आता आम्लाकडे वळतो. कामा रुग्णालय सुरू होऊन सहा वर्षे झाली होती, त्या सुमारास, १८९२ साली, जर्मनीतील लाइप्झिग येथे आल्बर्ट ड्योडरलाइन नावाच्या डॉक्टराने योनिमार्गातील स्रावावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याची खरी चिंता पाळी गेलेल्या बायकांची नव्हती. बाळंतरोगाने ज्या तरुण स्त्रिया मरत, त्यांची होती. हा जंतू बाहेरून येतो की आतच असतो, हा त्या काळचा कळीचा प्रश्न होता. स्राव सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्याला निरोगी स्त्रियांत एक लांबट, काडीसारखा जंतू भरपूर प्रमाणात आढळला. हा जंतू आम्ल तयार करीत होता, आणि त्या आम्लात पू करणारे जंतू वाढत नव्हते. जंतू म्हणजे शत्रू, अशी समजूत नुकती कोठे दृढ होत असताना, हा जंतू पहारेकरी निघाला.

आपल्या भगिनींना ही गोष्ट समजावयास सूक्ष्मदर्शक लागत नाही. आपण रात्री दुधाला विरजण लावतो. विरजणातले जंतू दुधातली साखर खातात आणि दुग्धाम्ल सोडतात. दूध आंबट होते, घट्ट होते, आणि मुख्य म्हणजे टिकते. उघडे दूध उन्हाळ्यात काही तासांत नासते, दही दोन दिवस राहते. ड्योडरलाइनचा जंतू हा विरजणाच्याच गोत्रातला आहे. त्याला लागणारी साखर मात्र दुधातून येत नाही, ती शरीरच पुरविते. बीजकोशातून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेनच्या प्रभावाने योनिमार्गाचे अस्तर जाड राहते आणि त्याच्या पेशींत ग्लायकोजेन नावाचा पिठूळ पदार्थ साठतो. पेशी गळतात, ग्लायकोजेनचे विघटन होऊन साखर होते, जंतू ती खातो, आम्ल होते. ही साखळी सुटी सुटी हाती यावयास चाळीस वर्षे लागली. १९२३ साली एडगर ॲलन व एडवर्ड डॉइझी या दोन अमेरिकनांनी बीजकोशातील हा अंतःस्राव ओळखला, आणि त्याची परीक्षा त्यांनी उंदरांच्या योनिमार्गातील पेशींवरच घेतली. १९३४ साली ग्लासगोच्या क्रुकशँक व शार्मन यांनी नवजात मुलीपासून वृद्धेपर्यंत सर्व वयांत ग्लायकोजेन, जंतू व आम्ल यांचा चढउतार एकत्र मांडून दाखविला. लहान मुलीत आम्ल जवळजवळ नाही; न्हाण येण्याच्या सुमारास ते चढते; पाळी जाते तेव्हा ते उतरते. निसर्गाने विरजण लावले, तीस-पस्तीस वर्षे ते चालविले, आणि मग दुधाची वाटी मागे घेतली.

हे आम्ल मोजावयाचे कसे? त्यासाठी आपण बिअरचे ऋणी आहोत, हे सांगताना मला थोडी गंमत वाटते. कोपनहेगनमधील कार्ल्सबर्ग नावाच्या बिअरच्या कारखान्याने एक प्रयोगशाळा चालविली होती. तेथे सोरेन्सन या रसायनज्ञाने १९०९ साली आम्लता मोजण्याची पट्टी ठरविली. हीच ती पीएचची पट्टी. तिच्यात सात हा मध्य. शुद्ध पाणी तेथे बसते. सातांच्या खाली आम्ल, वर अल्क. लिंबाचा रस दोनांच्या आसपास, दही साडेचारांच्या आसपास, अंगाचा साबण बहुधा नऊदहांवर. आणि या पट्टीची एक खुबी ध्यानात ठेवावी लागते : एक घर सरकले की दहापट फरक पडतो. पाळी चालू असलेल्या निरोगी स्त्रीच्या योनिमार्गाचा पीएच साधारण ३.८ ते ४.५ असतो. पाळी गेल्यानंतर, काही उपचार नसता, तो बहुधा पाचांच्या वर जातो आणि कित्येकींत सहा-सातांपर्यंत पोचतो. चारांवरून सातांवर जाणे हे दिसावयास तीन घरे. प्रत्यक्षात आम्ल हजार पटीने कमी झालेले असते. अस्तर पातळ होते, ओलावा कमी होतो, रक्तपुरवठा मंदावतो. आणि मूत्रमार्ग शेजारीच असल्यामुळे, व तोही त्याच अंतःस्रावावर पोसला गेल्यामुळे, लघवीच्या तक्रारी याच वेळी सुरू होतात. पहारेकरी गेल्यावर आतड्यातले जंतू शेजारच्या वाटेने सहज येतात. अंगाची लाही होणे, घाम सुटणे हा पाळी जातानाचा त्रास बहुतेकींचा काही वर्षांनी ओसरतो. हा त्रास ओसरत नाही, उपचार केला नाही तर वाढतच जातो. वैद्यकातसुद्धा त्याला पूर्वी 'म्हातारपणाचा योनिदाह' अशा अर्थाचे रुक्ष नाव होते. मूत्रमार्गासह साऱ्या लक्षणांना सामावणारे नवे नाव १२२ वर्षांनी, म्हणजे २०१४ साली, दिले गेले.

एक सावधगिरी येथेच सांगून टाकतो. आकडा हा देव नव्हे. २०११ साली अमेरिकेत कोणतीही तक्रार नसलेल्या ३९६ स्त्रियांचे जंतू जनुकीय पद्धतीने तपासले, तेव्हा त्यांचे पाच गट पडले आणि एका गटात ड्योडरलाइनच्या जंतूचे राज्य नव्हतेच. तरीही त्या स्त्रियांना काही होत नव्हते. तेव्हा कागदाची पट्टी लावून आकडा पाहिला आणि घाबरून गेलो, असे कोणी करू नये. तक्रार आहे की नाही, हा पहिला प्रश्न.

हे ज्ञान युरोपात साठत असताना मराठीत काय चालले होते? मराठीत एक माणूस एकटा बोलत होता. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ च्या जुलैपासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. ते गणिताचे प्राध्यापक, डॉक्टर नव्हेत. पण जननेंद्रियांची स्वच्छता, गुप्तरोग, स्त्रीचे सुख या गोष्टी मराठीत सरळ शब्दांत छापता येतात, हे त्यांनी करून दाखविले. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. लोकांना या विषयातले प्रश्न पडतात आणि त्यांची उत्तरे द्यावयास हवीत, ही बाजू त्या काळच्या न्यायालयात एका मोठ्या माणसाने उभी राहून मांडली. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला, मासिक मात्र १९५३ साली त्यांच्या मृत्यूपर्यंत चालले. घरच्यांनी लाजेने गप्प बसावे आणि सरकारने दंड करावा, अशी ज्या विषयाची स्थिती, त्यात पाळी गेलेल्या बाईचा प्रश्न कोण विचारणार? कर्व्यांचे बोलणेसुद्धा मुख्यतः मूल होण्याच्या वयापुरते होते. पन्नाशीनंतरच्या स्त्रीचे शरीर सुधारकांच्याही नजरेतून निसटले, असे मला वाटते.

जेथे शास्त्र बोलत नाही तेथे बाजार बोलतो. अमेरिकेत १९२० व ३० च्या दशकांत लायसॉल हे फरशी धुण्याचे जंतुनाशक 'स्त्रियांची स्वच्छता' या मोघम नावाखाली योनिमार्ग धुण्यासाठी विकले गेले. जाहिरातीत रुसलेला नवरा आणि रडणारी बायको. त्या द्रावणाने भाजल्याच्या, विषबाधेच्या आणि मृत्यूच्याही नोंदी आहेत. आपण त्यांना हसावयाचे कारण नाही. आपल्या घरांत बादलीत जंतुनाशकाचे झाकण ओतणे, तुरटीचे पाणी, कडुलिंबाचा काढा, कपडे धुण्याच्या साबणाने खसखसून धुणे हे प्रकार अजून चालतात, आणि सुशिक्षित घरांत त्यांची जागा सुवासिक द्रावणांनी घेतली आहे, ज्यांच्या बाटलीवर 'पीएच संतुलित' असे छापलेले असते. आत पाणी मारून धुणे हे या अवयवाला मुळीच लागत नाही. तो स्वतःची सफाई स्वतः करतो, आणि वरचेवर धुतल्याने उरलेसुरले आम्ल व जंतू वाहून जाऊन जंतुसंसर्ग वाढतो, असे अनेक पाहण्यांत आढळले आहे. बाहेरच्या त्वचेला कोमट साधे पाणी पुरे. विरजणाचा दाखला मी मघाशी दिला, त्याचा कोणी भलता अर्थ करू नये : दही आत लावणे हा उपाय नव्हे. गोत्र एक असले तरी विरजणाचे जंतू तेथे नांदत नाहीत. आणि अस्तरात ग्लायकोजेनच नसेल तर आणलेल्या पाहुण्याने खावयाचे काय? लिंबू व शिरका यांची गोष्ट आणखी वाईट. आम्ल गेले म्हणून आम्ल ओतावे, हा हिशेब बरोबर दिसतो, पण पातळ झालेल्या अस्तरावर ते फक्त पोळते.

आता महाराष्ट्रातील दोन प्रसंग सांगतो. दोन्हींचा पाळी गेल्यानंतरच्या आम्लाशी संबंध थोडा लांबचा आहे, पण ते वगळून हा इतिहास पुरा होत नाही.

पहिला गडचिरोलीचा. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी तेथे दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. ही तपासणी रुग्णालयात आलेल्या बायकांची नव्हती. गावात राहणाऱ्या, आपापल्या कामात असलेल्या बायकांची होती. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा एक तरी विकार निघाला, सरासरीने एकीला तीनांहून अधिक. निम्मे विकार जंतुसंसर्गाचे. आणि पूर्वी कधी अशी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया किती? शंभरात आठ. त्याआधी जगभर गरीब देशांतल्या स्त्रियांचे आरोग्य म्हणजे बाळंतपण व कुटुंबनियोजन असे समीकरण होते. ते या छोट्या पाहणीने हलविले. पुढे राणीताईंनी बायकांचे हे बोलणे 'कानोसा' या मराठी पुस्तकात आणले. कानोसा घ्यावा लागतो, कारण ही दुखणी मोठ्याने बोलली जात नाहीत.

दुसरा प्रसंग बीडचा, आणि तो सांगताना मन कडू होते. ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचे २०१९ साली उघडकीस आले. राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली. त्यांत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले होते. कित्येकींची मूळ तक्रार काय होती? अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, पाळीत फार जाते. फडावर ना पाणी, ना आडोसा, ना एक दिवसाची सुटी. खाडा झाला की दंड. ज्या तक्रारीला तपासणी, स्वच्छ पाणी आणि आठवडाभराच्या गोळ्या पुरल्या असत्या, तिच्यावर सुरी चालली. जेथे गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले जातात, तेथे पस्तिशीच्या बाईला रातोरात पन्नाशीचे शरीर मिळते. नैसर्गिक रीतीने पाळी जाताना अंतःस्राव वर्षानुवर्षे हळूहळू उतरतो. येथे तो दोन दिवसांत नाहीसा होतो. आणि आपल्या देशात तसेही पाळी पाश्चात्य स्त्रियांपेक्षा चारपाच वर्षे आधीच जाते.

मग उपचार? त्याचाही इतिहास चढउताराचा आहे. गाभण घोड्यांच्या मुतापासून काढलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या अमेरिकेत १९४२ साली बाजारात आल्या. १९६६ साली रॉबर्ट विल्सन या डॉक्टराने एक पुस्तक लिहून, पाळी जाणे हा एक रोगच असून या गोळ्यांनी बाई कायम तरुण राहील, असा डांगोरा पिटला. १९७५ साली असे दिसले की नुसते इस्ट्रोजेन पोटात घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो. दुसरे औषध जोडून तो धोका टाळला गेला. पण २००२ साली सोळा हजारांहून अधिक स्त्रियांवरचा एक मोठा प्रयोग, स्तनांचा कर्करोग, पक्षाघात व रक्ताच्या गुठळ्या वाढल्याचे दिसल्यावरून मध्येच थांबवावा लागला. जगभर घबराट उडाली, आणि सुक्याबरोबर ओलेही जळाले. कारण योनिमार्गात लावावयाचे अल्प प्रमाणातील इस्ट्रोजेनचे मलम किंवा वडी ही पोटातल्या गोळीहून वेगळी वस्तू आहे. तिच्यातला अंश रक्तात फार थोडा जातो. तरीसुद्धा वेष्टनावरची इशाऱ्याची चौकट दोघींना सारखीच राहिली. ही चौकट काढण्याचे पाऊल अमेरिकेच्या नियामकांनी २०२५ च्या नोव्हेंबरात उचलले.

हे मलम आम्ल खरोखर परत आणते काय? इस्राएलमधील राझ व अमेरिकेतील स्टॅम यांचा १९९३ सालचा प्रयोग मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत समाधानकारक वाटतो. पाळी गेलेल्या आणि वारंवार लघवीचा जंतुसंसर्ग होणाऱ्या ९३ स्त्रिया त्यांनी निवडल्या. काहींना इस्ट्रिऑलचे मलम दिले, काहींना तसेच दिसणारे औषधहीन मलम. सुरुवातीला एकीतही दुग्धाम्ल-जंतू नव्हता. महिन्याभरात मलम लावणाऱ्यांपैकी दहांत सहा जणींत तो परतला, पीएच साडेपाचांवरून चारांच्या खाली आला. दुसऱ्या गटात काहीच घडले नाही. आणि लघवीचा संसर्ग? औषधहीन गटात वर्षाला प्रत्येकी सरासरी सहाच्या आसपास, मलमाच्या गटात अर्धा. वाटीत दूध पुन्हा ओतले, विरजण आपोआप आले.

तरी प्रत्येकीला हे मलम लागतेच असेही नव्हे. २०१८ साली ३०२ स्त्रियांवर झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात, इस्ट्रोजेनची वडी, ओलावा देणारे साधे जेल आणि औषधहीन जेल यांनी कोरडेपणा व वेदना जवळजवळ सारख्याच कमी झाल्या. म्हणजे ज्या बाईची तक्रार फक्त कोरडेपणाची आहे, तिने प्रथम साधा, वासाचा व रंगाचा पत्ता नसलेला ओलावा वापरून पाहावा. चरकाच्या पिचूची आठवण यावी असाच हा भाग आहे. जिला लघवीचा संसर्ग पुनःपुन्हा होतो, तिने मलमाबद्दल डॉक्टरांना विचारावे. आणि जिला स्तनांचा कर्करोग होऊन गेला आहे, तिने त्या रोगाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. मधुमेह असेल तर तो आवरावा, कारण साखर वाढली की बुरशीचा संसर्ग वारंवार होतो. या वयात खाज सुटली की तो मधुमेहाचा पहिला निरोपही असू शकतो.

आपल्या उपनगरांचा या कथेत एक स्वतंत्र अध्याय आहे. १९९२ च्या मे महिन्यात पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरिवली अशी पहिली संपूर्ण महिलांची लोकल धावली. ज्या पंचविशीतल्या मुली त्या गाडीत डबा व भाजीची पिशवी घेऊन चढल्या, त्या आज साठीच्या आसपास आहेत. त्यांपैकी काही या सभागृहात असतील. त्यांनी तीस वर्षे एक विद्या आत्मसात केली : सकाळी निघण्यापूर्वी पाणी प्यावयाचे नाही. कचेरीत एकच स्वच्छतागृह, स्टेशनावरचे बंद किंवा पाय ठेवता न येण्याजोगे, बाजारात मुळी नाहीच. बायकांनी लघवी तुंबवून घरी यावयाचे, हे या शहराचे न लिहिलेले वेळापत्रक होते. मुंबईत २०११ च्या सुमारास स्त्रियांनी 'राइट टू पी' नावाने चळवळ उभारली तेव्हा प्रथम तिची थट्टा झाली. पुरुषांना मुताऱ्या फुकट व बायकांना पैसे का, असा तिचा अगदी साधा सवाल होता. सह्या गोळा करावयाचे ठरले, महापालिकेत बैठका झाल्या, आणि हा विषय अंदाजपत्रकाच्या भाषेत बोलला जाऊ लागला. तरुणपणी शरीर हे तुंबवणे सोसते. आम्ल गेल्यावर आणि अस्तर पातळ झाल्यावर ते सोसत नाही. हा शोध स्टेशनच्या फलाटावर लागतो, फार उशिरा.

शेवटची गोष्ट शिरक्याची. तो घरी वापरू नये असे मी मघाशी म्हटले. पण त्याच आम्लाने आपल्या शहरात एक मोठे काम केले आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली मुंबईच्या झोपडवस्त्यांत एक प्रयोग सुरू केला. दहावी शिकलेल्या मुलींना थोडे प्रशिक्षण देऊन त्यांनी गर्भाशयाच्या मुखाला सौम्य शिरक्याचा, म्हणजे ॲसेटिक आम्लाच्या द्रावणाचा, बोळा लावावयाचा आणि एका मिनिटाने पाहावयाचे. बिघडलेल्या पेशी पांढऱ्या दिसतात. दीड लाख स्त्रिया, दोन वर्षांनी एकदा अशी तपासणी, आणि २०१३ साली जाहीर झालेला निष्कर्ष असा की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. हे सांगावयाचे कारण असे : पाळी पूर्ण एक वर्ष थांबल्यानंतर अंगावरून रक्त गेले, मग ते थेंबभर का असेना, किंवा दुर्गंधीचा तांबूस स्राव दिसला, तर तो कोरडेपणाचा भाग आहे असे घरबसल्या ठरवू नये. बहुधा तो पातळ अस्तराचाच असतो. पण कधी कधी नसतो, आणि ते आतून पाहिल्याशिवाय कळत नाही. 'पाळी परत आली' असे म्हणून कौतुक करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांना दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात न्यावे, आणि नेणाऱ्याने बाहेरच्या बाकावर वर्तमानपत्र वाचीत न बसता डॉक्टर काय म्हणाले ते ऐकून घ्यावे.

प्रश्नांसाठी पंधरा मिनिटे राखली आहेत. ज्यांना उभे राहून विचारणे अवघड वाटते, त्यांच्यासाठी दाराशी कोरे कागद व पेन्सिली ठेवल्या आहेत. नाव लिहिण्याची गरज नाही.